कोरा सोडलेला झगा

पॅरिसमध्ये 1797 साली ‘जुर्नाल दे दाम ए दे मोद’ हे नियतकालिक सुरू झालं. दर पाच दिवसांनी अंक, आणि अंकात हाताने रंगवलेलं फॅशनचित्र. त्यातलं सुरुवातीच्या वर्षांतलं एखादं बघा. पंजापेक्षा जरासा मोठा कागद, वर ‘पॅरिसचा पोशाख’ अशा अर्थाचा मथळा, शेजारी फ्रेंच क्रांतीच्या पंचांगातलं साल आणि मधोमध एकटीच उभी बाई. अंगात छातीखालीच आवळलेला पांढरा मलमलीचा झगा. गंमत म्हणजे या झग्याला रंगच दिलेला नाही. कोरा कागद तसाच सोडलाय, चुण्यांत राखाडीचा एखादा पुसट हात, बस्स.

रंगाची सगळी हौस शालीवर. शाल काश्मिरी, पदराला कोयऱ्या, आपण मेंदीत काढतो त्याच. भिंग लावलं की एखाद्या कोयरीचा तांबडा रेषेबाहेर सांडलेला दिसतो. तो दिसला की बरं वाटतं, कारण सगळीकडे एकसारखे बारीक ठिपके दिसले असते तर चित्र अलीकडे छापलेली नक्कल ठरलं असतं.

मूळ चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं. खाचांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची, ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. म्हणून चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन उमटतो. फ्रेममध्ये बसावं म्हणून लोक नेमका तोच कापून टाकतात. हे पाप आहे. शाई तेलाची असल्याने वरून पाण्याचे रंग दिले तरी रेघ हलत नाही.

रंगवायला बहुतेक बायका. समोर एक रंगवलेला नमुना, आणि कित्येकदा एका बाईकडे एकच रंग. कागद हातोहात पुढे सरकायचा. केसांना किंवा मखमलीला चमक हवी तर वरून डिंकाचं पाणी. ते दाट झालं की वाळल्यावर तडकतं. कागदाला खळ कमी पडली तर रंग टिपकागदासारखा फुटतो. हिरव्यात जंगाल, म्हणजे तांब्याच्या गंजाचा रंग, असेल तर त्यातलं तांबं कागद खातं. चित्र उलटून पाहा, हिरव्या फितीच्या मागे तपकिरी सावली दिसेल. शिशाचा सफेदा हवेतल्या गंधकाने काळवंडतो, म्हणून सफेद्याने काढलेली लेस आज मळकी दिसते आणि कोरा सोडलेला झगा मात्र तिच्यापेक्षा उजळ राहतो.

रंगावरून फॅशन ठरवायला जाल तर फसाल. एकाच चित्राच्या दोन प्रतींत एकीचा झगा निळा, दुसरीचा पिवळा, असं सर्रास सापडतं. फिलाडेल्फियाच्या ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाकडे, मालकाच्याच सांगण्यानुसार, रंगवायला दीडशे बायका होत्या. रंग निरनिराळे का, याचं त्याने दिलेलं कारण असं, की गावातल्या दोघींनी आपापले अंक शेजारी ठेवून स्वतःला शोभेल तो रंग निवडावा! व्यापारी माणूस. बाहीचा फुगा, कंबर कुठे आहे, झालरी किती, हे मात्र रेषेतलं असल्यामुळे प्रत्येक प्रतीत तेच.

लंडनच्या रुडॉल्फ आकरमानने 1809 साली सुरू केलेल्या मासिकात याहून सरळ वाट काढली. काही अंकांत त्याने खऱ्या कापडाचे छोटे तुकडेच डकवून दिले. वाचणारीने अंगठा नि तर्जनीत धरून पोत बघावा आणि मग शिंप्याकडे जावं.