आयओक्यूएम ते आयएमओ: माझे गुण कुठे गळले

आयओक्यूएम आणि आरएमओ या भारतातल्या गणित ऑलिंपियाडच्या पहिल्या दोन पायऱ्या, दोन्ही पेपर तीन तासांचेच. पहिल्यात ३० प्रश्न, दुसऱ्यात ६. मी दोन्हींचा सराव एकाच पद्धतीने केला आणि तिथेच फसलो.

आयओक्यूएममध्ये २, ३ आणि ५ गुणांचे प्रत्येकी दहा प्रश्न असतात. उत्तर ०० ते ९९ मधला पूर्णांक. ७ आलं तर ओएमआरवर ०७ रंगवायचं. चुकीला गुण कापत नाहीत. शिवाय उत्तर ११३ किंवा अपूर्णांक आलं, की आपण घसरलोय हे पेपरच सांगतो. आरएमओत ही सोय नाही. तिथे नुसत्या उत्तराला फारसं कोणी विचारत नाही, सिद्धता लागते.

माझे सर्वाधिक गुण फंक्शनल इक्वेशनने, म्हणजे ज्यात अज्ञात फल (फंक्शन) शोधायचं असतं अशा समीकरणाने, खाल्ले. समजा, किमती घालत घालत फ(क्ष)² = क्ष² इथवर आलो. लगेच ‘म्हणून फ(क्ष) = क्ष किंवा फ(क्ष) = −क्ष’ लिहून मोकळं व्हायचं, ही सवय. पण ही निवड प्रत्येक क्षसाठी वेगळी आहे! फ(२) = २ आणि फ(३) = −३ असंही असू शकतं. म्हणून शून्य नसलेले अ आणि ब घ्यायचे, फ(अ) = अ, फ(ब) = −ब मानायचं, मूळ समीकरणात घालायचं आणि विसंगती दाखवायची. दोन-चार ओळींचं काम, पण ते नसेल तर सिद्धता अपुरी. उरलेली फलं मूळ समीकरणात परत घालून पडताळायची, तीही कागदावर.

भूमितीत खोट आकृतीत असते. बिंदू रेषेच्या पलीकडे गेला की कोनांच्या बेरजेची वजाबाकी होते. दिशायुक्त कोन (दिशेनुसार चिन्ह धरून मोजलेले) वापरले तर बहुतेक वेळा सुटका होते, मात्र तसं सुरुवातीलाच लिहायचं.

आयएनएमओपासून (राष्ट्रीय फेरीपासून) पुढे मी घरी तीन प्रश्न आणि साडेचार तास असंच घड्याळ लावलं, कारण आयएमओत, म्हणजे आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये, दोन्ही दिवस हाच हिशेब: प्रश्नाला ७ गुण, एकूण ४२. प्रश्नाच्या शब्दांबद्दल शंका असेल तर ती पहिल्या अर्ध्या तासातच, लेखी.

कच्चं काम फेकायचं नाही, उत्तरासोबत जोडायचं. आयएमओत गुण ठरवताना संघाचा नेता कोऑर्डिनेटरसमोर (गुण ठरवणाऱ्या परीक्षकासमोर) बसतो, आणि त्याला बोट ठेवायला कागदावर ओळ लागते.