गिरणीच का? तुम्ही विचारलंत म्हणून

घरी येणारा पाहुणा माडीवरचा लेआउट, म्हणजे टेबलावर मांडलेली माझी छोटी रेल्वे आणि कापडगिरणी, बघतो, इंजिनाला हात लावू का म्हणतो आणि मग हमखास विचारतो, "काय वो काका, रेल्वेचं एवढं वेड, मग सोलापूर स्टेशन का नाही केलं? ही गिरणी कशाला?" गेल्या दिवाळीत तिघांनी विचारलं. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

स्टेशन केलं होतं की. प्लॅटफॉर्म, पिवळी पाटी, चहाचा गाडा, सगळं. गाडी यायची, थांबायची, जायची. आठवड्यात मलाच कंटाळा आला, कारण गाडीला काही कामच नव्हतं. गिरणीत तिला काम आहे. कापसाच्या गाठी आणि कोळसा आत न्यायचा, कापड बाहेर आणायचं.

माझ्या साईडिंगवर, म्हणजे गिरणीत जाणाऱ्या फाट्याच्या रुळावर, तीनच वाघिणी (मालाचे डबे) मावतात. बॉयलर अगदी टोकाला, कापसाचं गोदाम त्याच्या अलीकडे. कोळशाची रिकामी वाघीण काढायची तर आधी गोदामापुढची अर्धी उतरवलेली वाघीण हलवायला लागते. इंजिन सगळी रांग बाहेर ओढतं, सांधा बदलतो, रिकामी लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, टाकायची, भरलेली घ्यायची आणि गोदामवाली पुन्हा बरोबर दारासमोर आणून उभी करायची. दार चुकलं तर हमालांनी गाठी उतरवायच्या कुठे? एवढ्यात अर्धा तास जातो.

सोलापुरात रेल्वे आली 1860 ला, 'जुनी गिरणी' म्हणतात ती उभी राहिली 1877 ला. माझी गिरणी ती नाही. नरसिंग गिरजी गिरणी नाही, लक्ष्मी-विष्णू गिरणीही नाही. सगळ्यांचं थोडं थोडं उचललंय. प्रमाण 1:87. दोनशे मीटरची भिंत म्हटली तरी जवळपास 2.3 मीटर होते आणि माझं टेबलच आठ फुटांचं. म्हणून लांबी निम्म्याहून कमी केली. दारं, खिडक्या आणि माणसं मात्र मापात ठेवली. दार लहान केलं की शेजारच्या माणसापुढे ते खोटं दिसायला लागतं. चाळीस मीटरची चिमणी मापाने 46 सेंटीमीटर भरायला हवी, मी 30 वर थांबलो. 2023 मध्ये विमानतळासाठी साखर कारखान्याची चिमणी पाडल्यापासून शेजारी रोज विचारतात, "तुमच्या चिमणीला परवानगी हाय नव्हं?"

जाणकार आणखी एक खोट काढतात. माझ्या दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर आहे, आपल्या 1676 मिलिमीटरच्या ब्रॉडगेजला या प्रमाणात 19 हून जास्त लागतील. कबूल. गंमत म्हणजे 1897 ला सुरू झालेली आपली बार्शी लाईट, ती अरुंद रुळांची 762 मिलिमीटरवाली रेल्वे, बाजारात मिळणाऱ्या 9 मिलिमीटरच्या रुळावर जवळजवळ तंतोतंत बसते. पुढच्या फळीवर तीच करणार आहे.

खरी फजिती छपराची झाली. गिरणीचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं. नऊ दाते कापले, एका बाजूला पत्रा, दुसऱ्या बाजूला ओएचपी शीटच्या (पारदर्शक प्लास्टिकच्या) काचा. सगळं चिकटवून झालं आणि गल्लीतले अण्णा बघायला आले. चाळीस वर्षं गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, काढलेला माणूस. बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "उत्तर कुठं हाय वो हितं?"

मी स्टेशनकडे बोट दाखवलं.

"मग काचा दक्षिणेला कशा? ऊन सरळ साच्यावर येतंय की. सूत वाळतं, तार तुटतंय पटापट. आमच्या काचा उत्तरेला. उजेड पायजे, ऊन नको."

छप्पर उचकटून उलटं बसवायला दोन रविवार गेले. पाचवा दाता त्यात तुटला, तो आजही किंचित वाकडा आहे.

गाठी मात्र अण्णांना पसंत पडल्या. लाकडाचे 14 मिलिमीटर लांबीचे तुकडे, त्यावर चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेलं बँडेजचं कापड, वरून तांब्याच्या बारीक तारेचे तीन वेढे. चिमट्याने एकेक गुंडाळायची. बारा झाल्या, साठ तरी लागतील.

आता अण्णा संध्याकाळी येतात, खुर्ची ओढून बसतात. परवा मी गोदामापुढची वाघीण नीट लावत होतो, तर मागून आवाज आला, "ते राहू द्या हो. आधी बॉयलरचा कोळसा घाला, पाळी सुरू व्हायची वेळ झाली."