नुसताच फिरायलायस की

सोहमनं परवा एक वाक्य टाकलं आणि ते डोक्यातनं जाईना. "मामा, तू काय करायलायस? नुसताच फिरायलायस की."

त्याच्या बाजूनं बघितलं तर खरंच आहे. तो शेजारी बसून चिवडा खात होता, आणि तेवढ्या वेळात पडद्यावर, म्हणजे रेड डेड रिडेम्प्शन २ या गेममध्ये, घडलं काय? आर्थर, म्हणजे मी ज्याला चालवतो तो दरोडेखोर, व्हॅलेंटाइन गावाच्या त्या चिखलाच्या रस्त्यावरनं घोडा चालवत गेला. पळवत नाही, चालवत. घोड्याचा खुराक घेतला. टेकडी चढून हॉर्सशू ओव्हरलुकला, टोळीच्या कॅम्पात, परत आला, घोड्याला ब्रश केला, आचारी पिअर्सनच्या हंड्यातलं कालवण वाटीत घेतलं आणि शेकोटीजवळ बसला. टोळीतला हाविएर गिटार वाजवत होता. लहानगा जॅक गवतात खेळत होता. मी काही न दाबता बसून ऐकत राहिलो. बंदूक एकदाही बाहेर आली नाही.

सोहम बीजीएमआयवाला, मोबाइलवरच्या त्या लढाईच्या खेळातला. त्याच्या खेळात शंभर जण विमानातनं उड्या टाकतात आणि अर्ध्या तासात एकच उरतो. एका जागी बसायची सोयच नाही, कारण झोन आत सरकत येतो आणि बाहेर राहिलेल्याला मारून टाकतो. त्या सवयीच्या पोराला माझं खेळणं म्हणजे काहीच न करणं वाटणार, यात राग येण्यासारखं काही नाही. राग आलाही नाही. पण वाईट वाटलं, आणि एवढं का वाटलं ते कळेना म्हणून हे लिहितोय.

कारण कुणी विचारलं की तुला कसले गेम आवडतात, तर माझं उत्तर ठरलेलं असतं. गोष्ट असलेले. मोठी, लांबलचक, माणसांची गोष्ट. हे मी इतकी वर्षं सांगतोय की त्यावर पुन्हा विचार करायची वेळच आली नव्हती. आणि इथं जगातल्या सगळ्यात चांगल्या गोष्टींपैकी एक समोर असताना, रेड डेड रिडेम्प्शन २ सारखी, मी महिनाभर दुसऱ्या अध्यायातच घोडा चालवतोय. पहिल्यांदा खेळतोय असंही नाही. पुढं काय होतं ते पाठ आहे.

म्हणून काल रात्री अंथरुणात पडल्या पडल्या एकेक आठवत बसलो.

सुरुवात आयजीआयनं झाली, राजारामपुरीतल्या त्या कॅफेत. प्रोजेक्ट आयजीआय २००० सालचा, शत्रूच्या तळावर लपतछपत शिरायचा बंदुकीचा खेळ. आपल्याकडं तो ज्या वयाच्या पोरांनी खेळला त्यांना आजही मोहिमेच्या मध्ये सेव्ह नसण्याचा त्रास आठवत असेल. अर्धा तास सरपटत जाऊन शेवटच्या दाराशी मेलं की पुन्हा कुंपणापासून. आणि कॅफेवाला घड्याळ बघतोय. बाकीची पोरं वैतागून काउंटर स्ट्राइकला जायची. मला ते पुन्हा पहिल्यापासून जाणं आवडायचं, हे मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं. मनोऱ्यावरचा नेमबाज कुठं बघतो, कॅमेरा कधी वळतो, कुठल्या बराकीमागनं गेलं तर भोंगा वाजत नाही, हे सगळं माहीत झालेलं असायचं. त्या तळावर मी राहायचोच म्हणा ना. मोहीम संपली की आनंद व्हायचा, पण पुढचा तळ परका असायचा आणि दोन दिवस चुकल्यासारखं वाटायचं.

मग एज ऑफ एम्पायर्स, दुसरा भाग. नितीनकडं दोन कॉम्प्युटर वायरनं जोडून. नितीन सरंजामी युगात पोचायच्या आत हल्ल्याची तयारी करायचा आणि मी भिंत बांधत असायचो. आधी लाकडी कुंपण, मग दगडी तट, मग आत शेतं, गिरणी, बाजार. डुक्कर मारायला एक गावकरी पाठवायचा, त्यानं दोन बाण सोडून पळत यायचं, डुक्कर मागं येणार, आणि नगरकेंद्राजवळ सगळ्यांनी मिळून त्याला पाडायचं. यात मला जो आनंद व्हायचा तो किल्ला पाडण्यात कधी झाला नाही. नितीन ओरडायचा, "आरं, लढायला ये की!" आणि त्याचे घोडेस्वार आले की माझं ते आखीव गाव पेटायचं. हरल्याचं काही वाटायचं नाही. गाव गेल्याचं वाटायचं.

नितीनला फोन करायला पाहिजे. करत नाही. असो.

तो कॉम्प्युटर शुक्रवार पेठेतल्या घरी होता. २०१९ च्या पुरात गेला. त्या घराबद्दल आत्ता लिहीत नाही.

फुटबॉलचं तर अजूनच स्पष्ट आहे, आणि एवढी वर्षं मला ते दिसलं कसं नाही कोण जाणे. कोल्हापुरात वाढलेल्या माणसानं फिफा खेळू नये असं होतच नाही. इथं पेठापेठांच्या तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बाप आणि पोरगं एकाच आवेशात ओरडतात, आणि वर्ल्ड कप आला की गल्लीच्या एका तोंडाला ब्राझील आणि दुसऱ्या तोंडाला अर्जेंटिना. गेम बनवणारी ईए कंपनी आणि फिफाची फारकत झाली, २०२३ पासून त्या मालिकेचं नाव एफसी झालं, तरी आम्ही फिफाच म्हणतो. तर त्यात करिअर मोड. खालच्या डिव्हिजनचा एखादा संघ घ्यायचा आणि वर न्यायचा. सगळे त्यात पंधरा-पंधरा हंगाम काढतात. मी कधीच फार पुढं गेलो नाही. कारण काही हंगामांनी ओळखीचे खेळाडू निवृत्त व्हायला लागतात आणि त्यांच्या जागी कॉम्प्युटरनं तयार केलेली, कुणाचीच नसलेली नावं यायला लागतात. तसं झालं की मी ते करिअर बंद करून नवीन सुरू करतो. आपल्याला पहिला हंगाम जास्त रंगतो, असं मी आजवर समजत होतो.

इथवर आलो तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता आणि स्वतःची फार कीव यायला लागली. वाटलं, आपल्याला गेम आवडतच नाहीत की काय. आपल्याला फक्त गेममधली ती वेळ आवडते जेव्हा अजून काही बिघडलेलं नसतं. सगळे आहेत, जेवण शिजतंय, नकाशा कोरा आहे. त्यापुढची जी गोष्ट, जिच्यासाठी लोक हे विकत घेतात, ती आपल्याला नकोच आहे. आणि मग वाटलं, फक्त गेममध्येच का. ते अंथरुणात पुरेसं वाटून झालं, इथं पुन्हा उगाळत नाही.

पण मग डार्क सोल्स आठवला आणि सगळा हिशोब चुकायला लागला.

२०११ चा तो पहिला. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरचा. त्यात कीव करायला वेळच नसतो, दर वळणावर कुणीतरी मारतं. मेलं की जवळचे सगळे सोल्स, म्हणजे त्या खेळातली कमाई, जिथं पडलो तिथं राहतात. परत जाऊन उचलायचे, आणि वाटेत पुन्हा मेलो तर कायमचे गेले. मी अनडेड बर्गमध्ये किती संध्याकाळी घालवल्या त्याची गणती नाही. पूल, त्यावरचा आग ओकणारा ड्रॅगन, वरचं ते चर्च. घरापासून फार लांब आलोय, आता परत कसं जायचं, अशी छातीत धडधड. आणि त्या चर्चजवळ एक लिफ्ट आहे. तीत उभं राहायचं, ती खाली जायला लागते, दगडी भिंत वर सरकत राहते, बराच वेळ, आणि खाली उजेड येतो. बाहेर पाऊल टाकलं तर फायरलिंक. तीच सुरुवातीची जागा, तोच जाळ, तोच कुरकुरणारा शिपाई बसलेला. मी त्या दिवशी हातातला कंट्रोलर खाली ठेवला. इतकं सुंदर काही मी कुठल्याच गेममध्ये त्याआधी अनुभवलं नव्हतं आणि त्यानंतरही क्वचितच. आणि ते जागेमुळंच होतं, हे खरं. पण पुढं गेलो म्हणून होतं. बर्गमध्ये तट बांधून बसलो असतो तर ती लिफ्ट मिळालीच नसती.

आणि प्रिन्स ऑफ पर्शिया. सँड्स ऑफ टाइम, २००३. खंजिराचं बटण दाबलं की वेळ मागं जाते, चुकलेली उडी चुकतच नाही. खरं तर हा माझ्यासाठीच बनवलेला खेळ म्हणायला पाहिजे. पण त्याचा शेवट बघा. वेळ इतकी मागं जाते की काहीच घडलेलं नसतं, आणि त्या राजपुत्राची सोबतीण फराह त्याला ओळखतच नाही. सगळं परत मिळालं, फक्त सोबतीनं काढलेले ते दिवस एकट्या त्याच्याजवळ उरले. तेव्हा मी लहान होतो, नुसतं रडू आलं होतं. आज कळतंय की न बिघडलेल्या वेळेत परत जायची किंमत त्यांनी तेव्हाच सांगून ठेवली होती.

आता पुन्हा रेड डेडमधल्या स्ट्राऊसबद्दल. ज्यांनी खेळलाय त्यांना माहीतच आहे. कॅम्पमधला तो सावकारीची वही सांभाळणारा. नकाशावर त्याच्या नावाची पिवळी खूण आहे आणि मी महिनाभर तिला वळसा घालतोय. व्रोबेल या कर्जदाराची वसुली केली. त्याला इंग्रजी येत नाही, तो पोलिशमध्ये काहीतरी विनवत राहतो आणि आपण त्याच्या घरातले कप्पे उघडतो, तेही जड गेलं. उरलाय तो डाऊन्स. तोच डाऊन्स, जो व्हॅलेंटाइनच्या चिखलात आर्थर टॉमी नावाच्या एका धटिंगणाला बडवत असताना मध्ये पडला आणि म्हणाला, पुरे. त्याच्याच शेतावर जाऊन त्यालाच मारायचं. तो खोकतो. पहिल्यांदा खेळताना त्या खोकल्याकडं कुणाचं लक्षही जात नाही. १८९९ साल आहे, क्षयाला औषध नाही. तो आर्थरला तिथंच लागतो, आणि पुढचं सगळं तिथूनच.

म्हणून मी मासे पकडत होतो. टोळीतला शॉन परत आला त्या रात्रीची पार्टी झाली, सगळे प्याले, गायले. मी प्रत्येकाजवळ जाऊन उभा राहिलो. लेनीजवळ जास्त वेळ. होझियाजवळ पण. सोहमला यातलं काय कळणार, त्याला दिसला नुसता फिरणारा मामा.

तरी आज त्याला विचारलं, तुझ्या खेळातल्या त्या पोचिंकी गावात घरं किती सारखी, तुला कळतं कसं कुठं शिरायचं. झालं. जेवण होईपर्यंत तो तेच सांगत होता. कुठल्या घराच्या जिन्यावर आवाज येतो, चर्चवरनं कुठली खिडकी दिसते, कुठल्या भिंतीवरनं उडी मारली की थेट मागच्या दारात. हातवारे करून, आमटी सांडून. ताई ओरडली. मी ऐकत होतो आणि मला एकदम हलकं वाटलं. शंभरातला एक उरेपर्यंत पळणाऱ्या या पोरानंसुद्धा एक गाव पाठ केलंय. झोन येणार हे ठाऊक असून.

मला तट बांधायला आवडतो, तर आवडतो. त्याच्याशी भांडण्यात मी कालची झोप घालवली, आज नाही घालवणार. उद्या कुणी विचारलं तर उत्तरही तेच देईन, गोष्ट असलेले. फक्त मी गोष्ट हळू ऐकणारा माणूस आहे.

संध्याकाळी एक वेगळी सेव्ह करून ठेवली. शेकोटीजवळची, सगळे असतानाची. ती पुसायची नाही. मग दुसऱ्या सेव्हवर डाऊन्सच्या शेतावर गेलो. सोहम शेजारी होता. मारामारी आली म्हणून आधी सरसावून बसला, मग डाऊन्सची बायको आणि पोरगा दारातनं धावत आले तेव्हा गप्प झाला. "हा मरतो का?" म्हणाला. कोण, ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

सुट्टी संपेपर्यंत तिसऱ्या अध्यायात जाऊ. कॅम्प हलणार, क्लेमेन्स पॉइंटला, तळ्याकाठी. सोहमनं आत्ताच विचारून घेतलंय, तिकडं घोडा हाच राहतो का. राहतो म्हटलं, पण मेला तर मेला, मग परत मिळत नाही. तर उद्या आधी दुकानातनं औषध घ्यायचं ठरलंय त्याच्यासाठी.