सर्व्हिसच्या कागदावरची सही

इंग्लंडमधील रेडिंग शहरात भाड्याच्या घरांची व्यवस्था पाहणाऱ्या एका एजन्सीत मी काम करते. जानेवारीतल्या एका सकाळी पावणेआठला एका भाडेकरू बाईंचा फोन आला. बाहेर उणे चार तापमान होते, घर आणि पाणी तापवणारा बॉयलर रात्रीच बंद पडला होता आणि घरात चार महिन्यांचे बाळ होते. घरमालक पुण्याचे, इथली नोकरी संपल्यावर ते परत गेले आणि घर भाड्याने दिले. मी त्यांना काका म्हणते. बॉयलरच्या दुरुस्तीसाठी ते एका विमा कंपनीला दरमहा हप्ता देत असल्यामुळे मी तिथे कळवून निश्चिंत झाले, आणि अकरा वाजता कंपनीचा माणूस आलाही.

त्याने बॉयलरचे झाकणसुद्धा उघडले नाही. इथे मालक राहतात का, एवढेच विचारले आणि मालक स्वतः राहत असतील तरच हा प्लॅन लागू होतो, असे सांगून तो निघून गेला.

नियम म्हणून यात काही गैर नाही. भाड्याच्या घरांसाठी वेगळे प्लॅन असतात, आणि घरमालकाला १९९८ च्या नियमांनुसार दरवर्षी जी गॅस सुरक्षा तपासणी करून घ्यावीच लागते, तीही पुष्कळदा त्यांत धरलेली असते. पण १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या कलम ११ प्रमाणे घर उबदार ठेवणारी आणि पाणी तापवणारी यंत्रणा चालू ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे, आणि कंपनीने हात वर केले म्हणून ती टळत नाही.

काकांना फोन लावला तेव्हा ते भडकले. "तीन वर्षं पैसे भरतोय मी. त्यांनाच करू दे दुरुस्त!"

"काका, त्यांच्याशी आपण नंतर भांडू. आजची रात्र त्या बाळाला थंडीत काढायला लावता येणार नाही. मी दुसरा माणूस बोलावते आणि पावती जपून ठेवते."

थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "बोलाव."

गॅस सेफ या, गॅसची कामे करणाऱ्यांच्या अधिकृत नोंदवहीत नाव असलेला एक इंजिनिअर दुपारी तीनला आला. पंप अडकला होता. तो काढताच खाली धरलेल्या पांढऱ्या ट्रेमध्ये शाईसारखे काळे पाणी उतरले. त्याने ट्रेच्या तळाखालून लोहचुंबक फिरवले, तसा तो गाळ चुंबकामागोमाग सरकत गेला. गरम पाणी खेळवून खोल्या तापवणारे रेडिएटर आतून गंजत असल्याची ती खूण होती. साडेपाचपर्यंत नवा पंप बसला आणि घर तापू लागले. खर्च आला ३४० पौंड.

तो काम करत असताना बाईंनी स्वयंपाकघरातल्या खणातून घराच्या कागदांची फाइल काढून दिली. तिच्यात त्याच कंपनीच्या वार्षिक सर्व्हिसचे दोन कागद होते. दोन्हींवर बाईंची सही होती आणि सहीशेजारी कंपनीच्याच माणसाने 'भाडेकरू' असे लिहिले होते. म्हणजे घर भाड्याने दिलेले आहे हे कंपनीला दोन वर्षे ठाऊक होते, आणि तरीही ती हप्ते घेत राहिली.

तक्रार लिहिण्यापूर्वी मी एक गोष्ट तपासली. यांतले काही प्लॅन हा विमा असतो, तर काही केवळ देखभालीचे करार असतात, आणि अशा करारांचा वाद सहसा वित्तीय लोकपालाकडे, म्हणजे ग्राहक आणि वित्तीय कंपन्या यांच्यातले वाद सोडवणाऱ्या संस्थेकडे, नेता येत नाही. काकांचा प्लॅन विम्याचा होता. त्यामुळे कंपनीने आठ आठवड्यांत अंतिम उत्तर दिले नाही, किंवा दिलेले पटले नाही, तरी आम्हाला ते दार उघडे होते. काकांनी पूर्वी कंपनीला केलेल्या फोनचे ध्वनिमुद्रणही मागवले. पुण्याचा पत्ता कळवताना त्यांनी "घर भाड्याने दिले आहे" असे स्पष्ट सांगितल्याचे त्यात ऐकू आले. मात्र नूतनीकरणाच्या कागदावर 'मालकाचे वास्तव्य' ही अट ठळकपणे छापलेली होती आणि काकांनी तो कागद कधी उघडलाच नव्हता, हेही मी त्यांना सांगितले.

सातव्या आठवड्यात उत्तर आले. ग्राहकाने सोसायचे साठ पौंड वजा करून दुरुस्तीचा खर्च मिळाला आणि प्लॅन घरमालकांसाठीच्या प्रकारात बदलून मिळाला. रेडिएटरमधला गाळ काढण्याचा खर्च मात्र नाकारला गेला. त्यासाठीही लोकपालाकडे जावे, असा काकांचा आग्रह होता. मी प्लॅनमधले त्याबद्दलचे कलम दोनदा वाचले; गाळाची सफाई त्यात स्पष्ट शब्दांत वगळलेली होती, आणि तसे मी त्यांना कळवले. मार्चमध्ये त्यांनी स्वतःच्या खर्चाने ती करून घेतली.