‘स्टेशनरी’ : एका मुळाचे दोन शब्द

समान उच्चाराचे इंग्रजी शब्द जोडीजोडीने घोकून घेण्याची पद्धत शाळाशाळांतून आजही चालते. आमच्या इंग्रजीच्या बाईंना ती मान्य नव्हती, आणि त्यांचे ऋण या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत नोंदवावे, एवढ्याचसाठी हे लिहीत आहे.

‘स्टेशनरी’ हा शब्द ‘आर’च्या आधी ‘ए’ घालून लिहिला, तर त्याचा अर्थ ‘स्थिर, जागचे न हलणारे’ असा होतो; ‘ई’ घालून लिहिला, तर ‘वह्या, कागद, शाई इत्यादी लेखनसाहित्य’. बाईंनी दोन्ही रूपे फळ्यावर लिहिली आणि त्यांखाली ‘उभे राहणे’ या अर्थाचा लॅटिन धातू लिहून त्याशेजारी आपला ‘स्था’ मांडला. हे दोन्ही धातू एकाच प्राचीन मुळातून आलेले आहेत, हे ऐकताना स्थान, स्थिर, स्थायी हे रोजचे शब्द मला प्रथमच नीट दिसले.

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. मध्ययुगीन युरोपात बहुतेक विक्रेते गावोगाव फिरत. पुस्तकविक्रेत्यांनी मात्र विद्यापीठांच्या आसपास कायमची दुकाने थाटली, म्हणून त्यांना ‘एका जागी ठाण मांडलेला’ या अर्थाचे नाव पडले. तेराव्या शतकात पॅरिस व बोलोन्या येथे हे दुकानदार ग्रंथाचे सुटे भाग विद्यार्थ्यांना भाड्याने देत. एक भाग नकलून झाला की तो परत करून पुढचा न्यायचा. छपाईचे यंत्र येण्यापूर्वी ग्रंथ असे हातोहात वाढत होते, ही कल्पनाच मला विलक्षण वाटते. लंडनमधील या व्यावसायिकांचा संघ १४०३ मध्ये स्थापन झाला आणि १५५७ मध्ये त्याला राजसनद मिळाली. कालांतराने पुस्तकविक्री वेगळी झाली आणि ‘स्टेशनर’ हे नाव कागद-शाई विकणाऱ्याकडे राहिले.

स्पेलिंगचा उलगडाही यातच आहे. बेकर चालवतो ती बेकरी, ग्रोसर विकतो ती ग्रोसरी, तशी स्टेशनर विकतो ती स्टेशनरी. दुकानदाराच्या नावातला ‘ई’ मालाच्या नावात तसाच उतरला. स्थिर या अर्थाच्या शब्दामागे कोणी दुकानदार नाही, त्यामुळे तेथे लॅटिनमधला ‘ए’ टिकून राहिला. नव्या शिक्षकांनीही ही जोडी घोकून न घेता अशीच उलगडून दाखवावी, ही माझी मनापासूनची विनंती आहे.