भांडीबाजारातील तीन संगणक आणि एक मराठी यादी

विंडोज १० साठीच्या नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, आणि संगणक दुरुस्तीच्या माझ्या व्यवसायात त्यानंतर बहुतेक दुकानदारांचा प्रश्न एकच होता: चालता संगणक टाकून द्यायचा का? नाशिकच्या भांडीबाजारात तांब्या-पितळेचा व्यापार करणाऱ्या एका पेढीवर या प्रश्नाचा निकाल लावण्यात माझा एक पूर्ण दिवस गेला.

तिन्ही संगणक चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचे होते. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो, त्यामुळे तो मार्ग बंदच होता. ‘दादा, अजून चालतंय ना, मग बदलायचं कशाला?’ असे मालकांच्या मुलाने विचारले, तेव्हा मी त्याला मे २०१७ मधील वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसच्या हल्ल्याची आठवण करून दिली. विंडोजमधील ज्या त्रुटीतून तो शिरला, तिच्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या. ज्या संगणकाला यापुढे दुरुस्तीच मिळणार नाही, त्यावर सिंहस्थाच्या गर्दीतली बिले करणे मला धोक्याचे वाटते.

मी पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती सुरू करून दाखवली. अशा वेळी हार्डडिस्कला हात लागत नाही आणि प्रिंटर, वायफाय, आवाज हे सगळे आधी तपासून घेता येते. बिलाचा प्रिंटर लगेच ओळखला गेला. मिंटची २२ वी मालिका उबंटू २४.०४ या लिनक्सच्याच दुसऱ्या प्रकारावर उभी असून तिला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी ही वेगवान डिस्क बसवल्यावर चार जीबी रॅममध्येही ब्राउझर आणि लिबरऑफिस हे कार्यालयीन कामाचे सॉफ्टवेअर समाधानकारक चालले.

खरी अडचण निघाली ती मालाच्या यादीत. समई, ताम्हण, घंगाळ, पंचपाळे, अभिषेकपात्र अशा शेकडो वस्तूंची नावे आणि दर मुनीमकाकांनी अनेक वर्षे जुन्या, युनिकोड (अक्षरे साठवण्याची सर्वत्र चालणारी प्रमाण पद्धत) नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केले होते. तो फॉन्ट बसवला तर अक्षरे दिसतात, पण नाव शोधता येत नाही आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताही येत नाही. रूपांतरणाची आज्ञावली चालवली, तरी ‘अर्घ्यपात्र’मधला रफार भलत्याच अक्षरावर गेला आणि ‘पितळी’ची वेलांटी ‘त’वर जाऊन बसली, कारण त्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षरानंतर साठवलेला असतो, तर युनिकोडमध्ये हा क्रम नेमका उलटा आहे. शेवटी काका एकेक नाव वाचत गेले आणि मी दुरुस्त करत गेलो. आपल्या भाषेतील माहिती अशी एका फॉन्टच्या मालकीची होऊन बसते याचे मला मनापासून वाईट वाटते, आणि ऑपरेटिंग सिस्टिम बदलण्यापेक्षा हे काम कितीतरी मोठे आहे. काकांना इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची प्रमाण कळपट-मांडणी येत होती, म्हणून पुढचे टायपिंग सोपे गेले. मराठी कळपट लिनक्समध्ये असतोच.

हिशेबाची टॅली मात्र विंडोजसाठीच बनलेली आहे. विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या वाइन या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने ती लिनक्सवर चालवण्याचे प्रयोग होतात, परंतु व्यापाऱ्याच्या वह्या मी प्रयोगावर ठेवणार नाही. म्हणून दोन संगणकांवर मिंट बसवले आणि तिसऱ्यावर विंडोज १० तसेच ठेवून त्याचे इंटरनेट तोडले. टॅलीतून निघणारी जीएसटीची जेसॉन प्रकारची फाइल पेनड्राइव्हने मिंटच्या संगणकावर आणायची आणि तिथल्या ब्राउझरमधून जीएसटी पोर्टलवर चढवायची, असे ठरले. पेढी एकट्या मालकाच्या नावावर असल्यामुळे विवरणपत्राला ओटीपी चालतो. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा (पेनड्राइव्हसारख्या उपकरणाचा) प्रश्न आला नाही. कंपनी असती तर त्या टोकनचा ड्रायव्हर लिनक्सवर चालतो का, हे मी सर्वांत आधी पाहिले असते.

संध्याकाळी मालकांनी नव्या संगणकांसाठी मागवलेले दरपत्रक रद्द केले, आणि टॅलीचा बॅकअप दर शनिवारी वेगळ्या डिस्कवर घेण्याची जबाबदारी मुलाने स्वतःकडे घेतली.