अकरा हजार पावलं आणि एक खुर्ची

ठाण्यात कचराळी तलावाभोवती सकाळी सहाच्या सुमाराला फेऱ्या मारणाऱ्या ज्येष्ठांपैकी बरेच जण मला ओळखतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि पाचपाखाडीतल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात व्यायामाचा वर्ग घेते. वर्गातली बहुतेक मंडळी धडधाकट आहेत. कुणाला रक्तदाबाची गोळी, कुणाला थोडी साखर, पण आपलं आपण सगळं करणारी. अशा माणसांचीही वर्षातून एकदा ताकद आणि तोल तपासायला हवा, म्हणून मी संघाच्या चिटणीसांच्या मागेच लागले होते. शेवटी एका रविवारी सभागृहातल्या सतरंज्या गुंडाळून आम्ही चाचण्या घेतल्या.

सभागृहातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांना हात आहेत आणि त्या सरकतात. म्हणून दवाखान्यातली बिनहातांची लोखंडी खुर्ची रिक्षात घालून आणली. बैठक जमिनीपासून १७ इंच, पाठ भिंतीला टेकवलेली. दोन्ही हात छातीवर आडवे घ्यायचे आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं ते मोजायचं. हाताचा आधार घ्यावा लागला तर गुण शून्य. ७० ते ७४ वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी आणि बाईला १० पेक्षा कमी वेळा जमलं, तर पायांची ताकद वयाच्या मानाने कमी धरतात.

पोस्टातून निवृत्त झालेले एक काका रांगेत सगळ्यांच्या पुढे होते. वय ७३, अंगावर चरबी नाही, पाठ ताठ. तलावावर त्यांच्या बरोबरीने चालताना तरुण मुलंही मागे पडतात. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. आदल्या दिवशीची पावलं अकरा हजारांच्या वर होती.

"मॅडम, मला पास करून टाका आणि पुढच्यांचं घ्या."

मी हसून त्यांना बसवलं, हात छातीवर घ्यायला सांगितले आणि घड्याळ चालू केलं. काका पुढे झुकले, चार बोटं वर उठले आणि परत बसले. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यांचे हात छातीवरून सुटून आपसूक गुडघ्यांवर गेले आणि तिथे जोर देऊन ते उभे राहिले. मी घड्याळ थांबवलं.

"खुर्ची फार बुटकी आहे," ते म्हणाले.

गुडघे दुखले का, विचारलं. नाही. चक्कर? नाही. बसल्यावर आणि उभं राहिल्यावर रक्तदाब घेतला, तोही ठीक होता. कागदावर मी शून्य लिहिलं. ते लिहिताना मला वाईट वाटत होतं, कारण रोज नेमाने काही करणारं इतकं शिस्तीचं माणूस आमच्या संघात दुसरं नाही.

त्यांच्या मागोमाग काकू बसल्या. वय ७०. "मला कुठलं जमायला, मी कधी फिरायलासुद्धा जात नाही," असं म्हणत त्यांनी पदर खोचला आणि त्याच खुर्चीवरून तेरा वेळा उठल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या. काका खिडकीकडे बघत होते.

बाकीच्यांच्या चाचण्या उरकेपर्यंत दुपार झाली. माणसं पांगली, काकूही पुढे गेल्या. काका मात्र खुर्ची रिक्षापर्यंत नेऊ लागतो म्हणून थांबले होते. "अगं, हे गेलं कधी? आणि मला कळलं कसं नाही?" सकाळपासूनच्या मॅडमची दुपारी अशी 'अगं' झाली. मग त्यांनी आपणहून सांगितलं. पुतण्याकडच्या सत्यनारायणाला पंगत जमिनीवर होती, तेव्हा पाठ दुखते म्हणून त्यांनी टेबलावर जेवून घेतलं होतं. पाठ दुखत नव्हती. खाली बसलो तर चारचौघांत उठता येणार नाही, याची धास्ती होती.

मी त्यांना त्यांच्या घराबद्दल विचारत गेले आणि उत्तर तिथेच सापडलं. नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर राहायचे. लिफ्ट नव्हती. दूध, पेपर, भाजी, बँक असे दिवसातून तीन-चार वेळा जिने व्हायचे. संडास भारतीय पद्धतीचा, जेवण पाटावर, रात्री गाद्या घालायच्या, सकाळी उचलायच्या. मग इमारत पुनर्विकासाला गेली. आता बारावा मजला, दोन लिफ्ट, कमोड, डायनिंग टेबल, उंच पलंग. घर सुखाचं झालं आणि ते व्हायलाच हवं होतं, त्या जुन्या इमारतीचा सज्जा कधी कोसळेल याचा नेम नव्हता. पण मांड्यांना आणि नितंबांना रोज मिळणारं काम त्या घराबरोबर गेलं. ते कुणी व्यायाम म्हणून करत नव्हतं, त्यामुळे गेलेलंही लक्षात आलं नाही. नव्या घरात काकूंनी दोन गोष्टी सोडल्या नाहीत: देवघर खालीच ठेवलं आणि भाजी जमिनीवर बसूनच निवडायची. तेरा वेळा त्या उगाच उठल्या नाहीत.

सपाट रस्त्यावर चालताना गुडघा थोडाच वाकतो, आणि पुढे टाकलेल्या पायावर शरीर सहज सरकत जातं. खुर्चीतून उठताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना आणि नितंबांना, काटकोनात वाकलेल्या गुडघ्यांतून जवळजवळ सगळं वजन वर उचलावं लागतं. ते काम अकरा हजार पावलांत एकदाही पडत नाही. वयाबरोबर स्नायू झिजतातच आणि मागितली नाही ती ताकद शरीर सांभाळत बसत नाही. चालण्याने हृदय, साखर, झोप, मन सगळ्यांना फायदा होतो, त्यात कमी काही नाही. पण चालणं म्हणजे सगळा व्यायाम, हा समज तलावाभोवती इतका पक्का आहे की तो मोडायला मला शून्य गुणांचा कागद लागला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीत ६५ वर्षांवरच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. तिच्या जोडीला निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचं काम आणि तीन दिवस तोल व ताकद यांवर भर देणारा व्यायामही सांगितला आहे. बहुतेकांच्या कानांवर यातलं पहिलंच पडतं.

रोज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत, हा काकांचा हट्टही मी त्याच दुपारी काढला. तो आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून लोकांच्या डोक्यात बसला, वैद्यकीय तपासणीतून आलेला नाही. २०२२ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये सुमारे ४७ हजार माणसांची माहिती एकत्र करून मांडली गेली. साठीपुढच्यांना दिवसाला सहा ते आठ हजार पावलांपर्यंत मृत्यूचा धोका कमी होत जातो आणि त्यापुढे फारसा फरक पडत नाही, असं त्यात दिसलं. "म्हणजे तीन हजार पावलं मी तुला देऊ शकतो," काका म्हणाले. तेवढा वेळ मला पुरेसा होता.

सुरुवात साध्या गोष्टीने केली. खुर्चीवर दोन घड्या केलेल्या चादरी घालून बैठक उंच केली. पुढे सरकून कडेला यायचं, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायची, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं झुकायचं आणि श्वास सोडत उठायचं. श्वास कोंडायचा नाही, रक्तदाब असलेल्यांनी तर मुळीच नाही. बसताना धपकन अंग टाकायचं नाही, मनात तीन मोजत खाली यायचं. ताकद या सावकाश बसण्यातही तयार होते, आणि नेमकं तेच सगळे चुकवतात. आठ-दहा वेळा, थोडी विश्रांती, पुन्हा एकदा. एक दिवसाआड, कारण स्नायूला सावरायला वेळ लागतो. मांड्या दुसऱ्या दिवशी जड वाटल्या तर चालेल. सांध्यात कळ आली, छातीत दाटलं किंवा गरगरलं तर तिथेच थांबायचं. जोडीला स्वयंपाकघराचा ओटा धरून टाचा उचलणं, भिंतीला हात टेकून जोर काढणं, आणि ओट्याच्या कडेने टाचेला अंगठा लावत एका रेषेत चालणं. चांगलं जमू लागलं की एक चादर काढायची.

काकूंची गोष्ट निराळी निघाली. त्यांना मी सोमवारी तलावावर बोलावलं. मध्यम वेगाने चालताना माणसाला बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, असा आमचा ठोकताळा आहे. अर्ध्या फेरीत काकूंचं वाक्य तुटायला लागलं. दम लागणं हे सरावाचं आहे असं मी परस्पर ठरवत नाही. आधी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन, ईसीजी, थायरॉइड सगळं ठीक आल्यावरच चालणं सुरू केलं, दहा मिनिटांपासून. "घरात माझं दिवसभर चालणं होतं," हे बायका मला नेहमी सांगतात आणि ते खोटं नसतं. त्या कामाने पाय वाकते राहतात, पण सलग चालण्याने छातीला जो सराव होतो तो त्यात होत नाही. काका वेगाने चालायचे, म्हणून दोघं इतकी वर्षं एकत्र फिरायला गेलेच नव्हते. आता निम्म्या फेऱ्या ते तिच्या चालीने चालतात. घरी खुर्चीसमोर मोजायला काकू उभ्या असतात, आणि हात गुडघ्यावर गेला की तो आकडा धरत नाहीत.

तीन महिन्यांनी त्याच लोखंडी खुर्चीवर काका आठ वेळा उठले, हात छातीवर. बारा अजून दूर आहे आणि मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. जमिनीवरून उठणंही आम्ही आता शिकतो आहोत: कुशीवर वळून, हात आणि गुडघ्यांवर येऊन, एक पाय पुढे रोवून. ठाण्यात पावसाळ्यात ओल्या पेव्हर ब्लॉकवरून पाय घसरायला वेळ लागत नाही. पडल्यावर मार बसला नसेल तर आपल्या बळावर उठता येणं, हे मी वर्गात सगळ्यांना शिकवते.

संघातल्या बऱ्याच जणांनी घरी खुर्ची भिंतीला लावली आहे. काकांनी आणखी एक काम हाती घेतलं आहे. लिफ्टमुळे त्यांच्या टॉवरचा जिना कुणी वापरत नव्हता, दिवे गेलेले, वळणावर चपलांचे रॅक आणि मुलांच्या सायकली. सोसायटीच्या सभेत त्यांनी तो विषय काढला. चौथ्या मजल्यापर्यंत दिवे लागले, वाट मोकळी झाली आणि कठडा धरून ते रोज तेवढे मजले चढतात, पुढे लिफ्ट. पाचव्यापासून वरच्या दिव्यांसाठी दुसरा अर्ज गेला आहे. त्यावर बाराही मजल्यांवरच्या ज्येष्ठांच्या सह्या त्यांनी घेतल्या आहेत, आणि सही घेताना प्रत्येकाला हात छातीवर ठेवून खुर्चीतून उठायला लावलं, असं काकू सांगत होत्या.